अक्कांनी भरलेलं घड्याळ

आमच्या अक्का माणसाचा चेहरा नंतर बघायच्या, आधी हात बघायच्या. दारात कुणी बाईमाणूस आलं, की यांची नजर थेट मनगटावर. बांगड्या आहेत का, काचेच्या की प्लास्टिकच्या, दोन्ही हातांत सारख्या आहेत की एका हातातली कमी आहे, हे सगळं टिपून झालं की मग नजर वर चढायची आणि "या की, बसा" व्हायचं. मला बघायला कराडला आल्या, तेव्हा खोलीतले बाकी सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते आणि या बाई चहाचा ट्रे धरलेल्या माझ्या हाताकडं. मला वाटलं, चहा सांडला की काय. त्या दिवशी मी दवाखान्यातली ड्युटी संपवून तशीच घरी आले होते, हातात एकसुद्धा बांगडी नव्हती. तरी होकार आला. का आला, हे मी पुढं कितीदा तरी विचारलं. "हात कामाचा दिसला," एवढंच सांगायच्या, आणि लगेच, "पण रिकामा होता," हेही ऐकवायच्या.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा विनय, त्यांना अक्का म्हणतो, सगळी गल्ली अक्का म्हणते, म्हणून मीही तेच म्हणायला लागले. त्यांचं माहेर निपाणीचं. सासरे इथं, कानडी मुलखात, सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. त्यांनी येलहंक्यात बांधलेल्या बैठ्या घरात अक्कांचा सगळा संसार झाला. त्यामुळं त्यांचं मराठी निपाणीचं आणि त्यात जागोजागी कन्नड. पटलं की "सरी", भाजीवाल्याकडं "स्वल्प कमी कर की", आणि राग आला की मात्र नुसतं कन्नड, कारण त्यात म्हणे जोर जास्त लागतो. भिंतीवर घड्याळ होतं, पण अक्का त्याच्याकडं ढुंकून बघत नसत. सकाळ हवाई दलाच्या विमानांच्या आवाजावर चालायची, दुपार समोरच्या शाळेच्या घंटेवर आणि संध्याकाळ देवापुढच्या दिव्यावर. घड्याळ वेळ सांगतं हे त्यांना माहीत होतं, त्यात विशेष काही आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

आणि एवढं सगळ्यांचे हात बघणाऱ्या अक्कांचे स्वतःचे हात रिकामे होते. सासरे गेले त्या दिवशी त्यांनी बांगड्या उतरवल्या, त्या परत घातल्या नाहीत. आता कुणी असं करत नाही, सोन्याच्या दोन तरी घाला, असं नातेवाइकांनी सांगितलं, विनयनं सांगितलं, मीही सांगून पाहिलं. त्या "बघू की" म्हणायच्या आणि कोथिंबीर निवडायला घ्यायच्या. बाकी नवससायास, उपासतापास असलं काही त्यांच्यात नव्हतं. एक हातांचं तेवढं होतं. घरातल्या कुणाची बांगडी फुटली की त्यांचा चेहरा उतरायचा. "फुटली" म्हणायचं नाही, "वाढवली" म्हणायचं, आणि दिवा लागायच्या आत दुसरी भरून यायची. मग पाऊस असो, पाहुणे असोत, दूध ओट्यावर उतू जात असो.

माझं शिक्षण नर्सिंगचं. लग्नानंतर थोडे दिवस जवळच्या नर्सिंग होममध्ये काढले, मग मला ॲम्ब्युलन्सवर जागा मिळाली. मला तेच काम हवं होतं. वॉर्डात आपल्यापर्यंत माणूस येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. ॲम्ब्युलन्सवर आपणच त्याच्याकडं जातो. नियम पहिल्याच दिवशी सांगितला गेला: हातात बांगडी नको, अंगठी नको. काच फुटली तर आपल्याला लागते, पेशंटला लागते, हातमोजा फाटतो. मी घरी येऊन हे सांगितलं आणि आमच्या घरात वादळ झालं. विनयला नोकरीचं काही नव्हतं, त्याला फक्त मायलेकीगत राहणाऱ्या दोघी एकमेकींशी बोलेनात याचा त्रास होता.

"माझ्या घरातली सून रिकाम्या हातानं रस्त्यावर पळणार?" अक्का म्हणाल्या.

"पळणार नाही, गाडीतनं जाणार," मी म्हटलं.

"गाडीतनं उतरून पळणारच की!"

हे असं काही दिवस चाललं. मी नोकरी सोडणार नव्हते आणि त्यांना दुखवून घराबाहेर पडायचं माझ्याच्यानं होत नव्हतं. शेवटी एका दुपारी त्या ताक घुसळता घुसळता थांबल्या आणि म्हणाल्या, "मीनल, हातात काहीच चालत नाही म्हणतेस?"

"घड्याळ चालतं. घड्याळ तर लागतंच. नाडी मोजायला, श्वास मोजायला, औषध कधी दिलं ते बघायला."

रवी पुन्हा फिरायला लागली. लोणी वर आलं तेव्हा अक्का म्हणाल्या, "सरी. मग घड्याळ भरू."

घड्याळ भरू! मी हसले, पण त्या अजिबात हसत नव्हत्या. त्यांनी अटसुद्धा घातली. घड्याळ असं घ्यायचं की ते काही झालं तरी फुटणार नाही. आणि नोकरीवर असताना ज्या दिवशी ते फुटेल, त्या दिवशी नोकरी बंद. एका घड्याळावर नोकरी टांगायची म्हणजे वेडेपणाच होता. पण समोरून एवढी वाट तरी मिळत होती, म्हणून मी हो म्हटलं. विनय रात्री मला हळूच म्हणाला, "सारखीच दोन घे ना, सिंपल. एक कपाटात बॅकअप." हा माणूस एवढी वर्षं याच आईच्या हाताखाली वाढला होता आणि तरी त्याला वाटत होतं की अक्कांना कळणार नाही.

विनयनं दुसऱ्याच दिवशी स्मार्टवॉच आणून टेबलावर ठेवलं. "हे बघ, ह्यात हार्ट रेट येतो, लोकेशन जातं, एसओएस आहे. तुझ्या जॉबला परफेक्ट." मी हातमोजे घातले, हात पाण्यात बुडवले आणि त्याच्या पडद्यावर बोट फिरवलं. पडदा काही केल्या हलेना. तिकडं अक्कांनी त्याची दोरी भिंतीतल्या प्लगमध्ये खोचलेली पाहिली आणि विचारलं, "हे रोज लावायचं?" रोज, विनय म्हणाला. "रोज सलाईन लावायला लागतंय म्हणजे हेच आजारी आहे. हे दुसऱ्याला काय बघणार?" ते घड्याळ आजतागायत विनय घालतो.

मग आम्ही दोघी येलहंक्याच्या जुन्या बाजारातल्या घड्याळाच्या दुकानात गेलो. दुकानदार साठीच्या घरातले, पांढऱ्या मिशांचे; अक्का त्यांना अण्णा म्हणत. बोलणं सगळं कन्नडमध्ये झालं, मी आपलं मराठीत सांगते. अण्णांनी लेडीज घड्याळांचा ट्रे काढला: सोनेरी साखळ्या, तबकडीत खडे, बोटभर रुंदीचे पट्टे. अक्कांनी एकेक उचललं, कानाला लावलं, काउंटरवर हळूच आपटून बघितलं आणि बाजूला ठेवलं. बांगडी बघायची त्यांची पद्धत तीच होती. प्रत्येक आपटण्याला अण्णांचे डोळे मिटत होते.

"आता हे बघ," म्हणून अक्कांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. मला वाटलं, दुकानदारासाठी लाडू आणले असतील. डब्यात भिजवलेली कणीक होती! "रोज घालायचं म्हणजे घरात पण घालायचं. घरात आली की काढून ठेवलं आणि हात रिकामा, असलं चालायचं नाही. मळून दाखव." भर बाजारात, काचेच्या काउंटरवर वर्तमानपत्र पसरून, मी एकेक घड्याळ घालून कणीक मळली. बाहेर दोन बायका उभ्या राहून बघायला लागल्या. साखळीच्या कड्यांत पीठ बसलं, ते अण्णांना टाचणीनं काढावं लागलं. कापडी पट्ट्यानं पाणी पिऊन घेतलं. चामड्याचा पट्टा तर अक्कांनी डब्यात बुडवायच्या आधीच अण्णांनी उचलून आत ठेवला.

मला मनातून लाज वाटत होती, पण खरं सांगायचं तर मलाही तेच बघायचं होतं. जिथं पीठ अडकतं तिथं रक्तही अडकणार, आणि ते घेऊन मी पुढच्या पेशंटला हात लावणार. शेवटी रबरी पट्ट्याची उरली. त्यात मी माझी पारख केली. सेकंदाचा काटा लांब आणि ठळक हवा, आकडे अंधारात दिसायला हवेत, काचेच्या भोवतीची कड काचेपेक्षा उंच हवी, म्हणजे मनगट कुठं आपटलं तर मार कडेला बसेल. अण्णा सांगत होते, हे अमुक एवढ्या खोल पाण्यात चालतं. "एवढ्या खोल तुला जायचंय कुठं?" अक्कांनी मला विचारलं. मी म्हटलं, "कुठं नाही, साबणानं दिवसभर हात धुवायचेत." "मग सरी."

एक पसंत पडलं. पुरुषी, जाडजूड, पण मजबूत. फक्त पट्टा काळा. अक्का अडून बसल्या. काळं नको. अण्णा म्हणाले, अम्मा, असली घड्याळं काळीच येतात. अक्का स्टुलावर हलेनात. तेव्हा अण्णांना काहीतरी आठवलं आणि ते आतून एक खोकं घेऊन आले. तेच घड्याळ, पण लष्करी हिरव्या पट्ट्याचं. जवान मंडळी घेतात म्हणे. अक्कांनी ते हातात घेतलं, उजेडात धरलं, आणि त्यांचा चेहरा असा काही खुलला की मी बघतच राहिले.

"हिरवं आहे," त्या म्हणाल्या.

झालं. सैनिकासाठी केलेलं घड्याळ कराडच्या मुलीचा हिरवा चुडा झालं. मी ते घालायला गेले तर अक्कांनी माझा हात धरला. "आपलं आपण घालायचं नसतं. भरून घ्यायचं." मग अण्णांनी दोन्ही हातांनी माझं मनगट धरून तो पट्टा बांधला. आणि बांधून होताच अक्का म्हणाल्या, "नमस्कार कर." कासारानं बांगड्या भरल्या की बायका त्याला नमस्कार करतात, हे मला माहीत होतं, पण घड्याळवाल्याला? मी वाकले. अण्णा गडबडून स्टुलावरून उठले, त्यांनी आधी हात जोडले, मग डोक्याला लावले, आणि पावती द्यायची विसरले.

त्या दिवसापासून ते घड्याळ माझ्या हातावरून अंघोळीपुरतंसुद्धा उतरलं नाही. ॲम्ब्युलन्सवर तर होतंच. हळदीकुंकवाला, नात्यातल्या मुंजीला, पैठणीवर, गजऱ्याबरोबर, सगळीकडं तेच. महाराष्ट्र मंडळातल्या एका बाईंनी हसून विचारलं, "मिस्टरांचं घालून आलीस का गं?" मी काही बोलायच्या आत अक्का म्हणाल्या, "भरून घेतलंय. फुटत नाही." आणि इतक्या अभिमानानं म्हणाल्या, की त्या बाईंनी स्वतःच्या नाजूक सोनेरी घड्याळावर पदर ओढून घेतला.

मी घरी आले, की दार उघडून अक्कांचा पहिला शब्द असायचा, "हात बघू." मी मनगट पुढं करायची. त्या चष्मा वर करून ते उजेडात फिरवायच्या. कडेवर नवा ओरखडा दिसला, की त्यावर बोट ठेवून विचारायच्या, "हा कुठला?"

"स्ट्रेचरच्या कडीचा."

"माणूस कसा आहे?"

"बरा आहे. पाय मोडलाय."

"हा?"

"लिफ्टच्या दाराचा. बाळंतीण होती. मुलगी झाली, दोघी छान आहेत."

सुरुवातीला हा माझ्या नोकरीवरचा पहारा होता. पण हळूहळू त्यांना ओरखड्यापेक्षा माणसाची चौकशी जास्त महत्त्वाची वाटायला लागली. जेवताना मध्येच विचारायच्या, "तो लिफ्टचा ओरखडा, त्या बाळाचं नाव काय ठेवलं असेल?" सगळीच उत्तरं चांगली नसायची. ज्या दिवशी माणूस हाती लागलेला नसे, त्या दिवशी मी नुसती मान हलवायची. अक्का माझं मनगट दोन्ही तळव्यांत धरून बसायच्या, आणि मला त्याचं फार बरं वाटायचं.

एकदा पट्ट्याच्या कडेला, आधी नजरेतून सुटलेला एक ओरखडा निघाला. "हा कुठला?"

"बस स्टॉपच्या कठड्याचा. एक गृहस्थ बसची वाट बघत होते, तिथंच कोसळले."

अक्कांचं बोट तिथंच थांबलं. "माणूस?"

"वाचला, अक्का. छाती दाबत राहिलो. काल वॉर्डात बसून इडली खात होता."

अक्का उठून मागच्या पायरीवर जाऊन बसल्या. मी मागोमाग गेले. तेव्हा पहिल्यांदा त्यांनी मला सासऱ्यांचं सांगितलं. सासरेही बस स्टॉपवरच गेले, के. आर. पुरमला. भोवती गर्दी जमली. कुणी पाणी शिंपडलं, कुणी कांदा हुंगवला, कुणी फोन लावत बसलं. रिक्षात घालून नेईपर्यंत संपलं होतं. "आणि त्याच दिवशी सकाळी धुणं आपटताना माझी बांगडी वाढवली होती," अक्का म्हणाल्या. "त्या हातात एकच उरली. पापडाचं पीठ भिजवून ठेवलं होतं. म्हटलं, पापड लाटून होऊ देत, मग जाईन कासाराकडं. तेवढ्यात निरोप आला."

मला तेव्हा सगळं कळलं. इतकी वर्षं त्या दुसऱ्यांचे हात का बघत होत्या, स्वतःचे का भरत नव्हत्या, आणि माझी नोकरी एका काचेवर का टांगली होती. मी त्यांना म्हटलं, अक्का, हृदय बंद पडलं होतं त्यांचं, बांगडीचा काय संबंध? त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुझं खरं असेल गं. पण मला भीती वाटते ती खोटी कशी?" मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.

पुढं कधीतरी, एका सुट्टीच्या दिवशी, मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते आणि अक्का नारळ फोडून खोबरं काढत होत्या. त्यांची एक सवय होती, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकायचा आणि त्याच वेळी खिडकीतून शेजारच्या सरोजाबाईंशी वाद घालायचा. त्या दिवशी वाद पाण्याच्या टँकरवरून चालला होता. अक्कांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. मी लक्ष दिलं नाही. वाटलं, शब्द शोधतायत. पण अक्कांना भांडताना शब्द शोधावा लागत नाही. मी वळून बघितलं. तोंड उघडं, आवाज नाही, दोन्ही हात गळ्याशी आणि चेहरा काळानिळा पडायला लागलेला.

अशा वेळी काय करायचं ते माझे हात जाणतात, आणि त्या क्षणी मला त्याचा केवढा आधार वाटला. मी त्यांना पुढं वाकवलं, पाठीत खांद्यांच्या मधोमध तळहातानं जोरात रट्टे दिले. तुकडा निघेना. मग मागून त्यांना कवेत घेतलं, बेंबीच्या वर मूठ रोवली आणि आत, वर, असा हिसका दिला. एक. दुसरा. अक्कांचा जीव माझ्या दोन हातांत होता आणि त्या माझ्या सासूबाई होत्या, पेशंट नव्हत्या. तिसऱ्या हिसक्याला आम्ही दोघी ओट्यावर आदळलो, माझं मनगट कडप्प्याच्या कोपऱ्यावर बसलं आणि तो खोबऱ्याचा तुकडा उडून भिंतीवर आपटला. अक्कांनी श्वास घेतला. असा आवाज करत घेतला, की खिडकीपलीकडं सरोजाबाई रडायलाच लागल्या.

मी त्यांना खाली बसवलं, पाठीला भिंत दिली आणि सवयीनं घड्याळ समोर धरून त्यांचे श्वास मोजायला लागले. तेव्हा दिसलं. काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला होता. त्या तड्याखाली सेकंदाचा काटा आपला नीट पुढं सरकत होता. मी मोजत राहिले. श्वास हळूहळू जागेवर आले. नाडी जागेवर आली. मग मी वर बघितलं, तर अक्का माझ्या हाताकडं बघत होत्या. वाटलं, संपलं. आता नोकरीही गेली आणि यांच्या मनातली ती भीतीही पक्की झाली.

अक्कांनी बोट उचललं, काचेवरच्या तड्यावर ठेवलं आणि फाटक्या आवाजात विचारलं, "हा कुठला?"

"ओट्याचा," मी म्हटलं.

"माणूस कसा आहे?"

"समोर बसलाय, अक्का. बोलायला लागलाय."

आणि आम्ही दोघी हसायला लागलो. पिठाच्या हातांनी, खोबऱ्याच्या तुकड्यांत, एकमेकींना धरून हसलो आणि मग मी पोटभर रडून घेतलं. अक्का माझ्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. मरता मरता वाचल्या होत्या त्या, आणि समजूत माझी काढत होत्या.

पोटावर असे हिसके बसले, की आत काही दुखावलं नाही ना हे डॉक्टरांकडून बघून घ्यावं लागतं. मी ॲम्ब्युलन्स म्हटल्यावर अक्कांनी मान उडवली. "चालत्याबोलत्या बाईला कशाला? दुसऱ्या कुणाला लागत असेल." म्हणून रिक्षानं गेलो. सगळं ठीक निघालं. ऑफिसमधून धावत आलेला विनय दवाखान्याच्या दारात भेटला. त्याला त्याच्या गाडीवरून मागून यायला सांगून आम्ही परत रिक्षात बसलो, कारण अक्कांनी रिक्षावाल्याला घराचा नाही, जुन्या बाजाराचा पत्ता सांगितला होता.

"आज नको, अक्का," मी म्हटलं. "तुम्ही आराम करा."

"दिवा लागायच्या आत भरायचं असतं," त्या म्हणाल्या. "उद्या तुला ड्युटी आहे. रिकाम्या हातानं जाणार होय?"

मी त्यांच्याकडं बघत राहिले. "आणि अट? फुटलं तर नोकरी बंद?"

"नोकरीवर फुटलं तर, असं ठरलं होतं. हे घरात फुटलं." कोर्टात वकिलानं बोलावं तशा ठामपणे बोलल्या. रिक्षा सिग्नलला थांबली, तेव्हा बाहेर बघत म्हणाल्या, "बांगडीनं नव्हतं गं ते काही. त्या दिवशी त्यांच्याजवळ माणूस नव्हतं. तुझ्यासारखं माणूस." एवढं बोलून त्यांनी इतका लांब श्वास सोडला, की मला वाटलं, खोबऱ्याचा तुकडा मघाशी निघाला, दुसरं काहीतरी आत्ता निघालं.

अण्णांनी तसंच घड्याळ काढलं, त्याच हिरव्या पट्ट्याचं. या खेपेला मी न सांगता वाकले आणि अण्णाही न गडबडता हात जोडून उभे होते. तडकलेलं घड्याळ अक्कांनी टाकून दिलं नाही. "काच बदलून दे," म्हणाल्या. "ते चालू आहे."

गेल्या वर्षी अक्का निपाणीला राहायला गेल्या. तिथं असलेल्या माझ्या मोठ्या नणंदेच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, घरी बघायला कुणी नाही. शिवाय खरं कारण त्यांनीच सांगितलं: तिथं पायरीवर बसलं की येणारंजाणारं माणूस मराठीत बोलतं. निघायच्या सकाळी गाडी दारात उभी होती, विनय बॅगा ठेवत होता. मी काच बदललेलं ते जुनं घड्याळ घेऊन बाहेर आले आणि अक्कांचा हात धरला. त्यांनी एकदम मागं ओढला.

"मला कशाला? मला काय ॲम्ब्युलन्सवर जायचंय?"

"घरात घालायला."

"हिरवं आहे ते, मीनल," त्या अगदी हळू म्हणाल्या.

"म्हणूनच," मी म्हटलं. "आणि आपलं आपण घालायचं नसतं. हात बघू."

त्यांनी हात पुढं केला. तो हात मी इतकी वर्षं बघत होते, पण धरला असा कधी नव्हता. मनगटावर जिथं बांगड्या असायच्या तिथली कातडी मऊ आणि उजळ राहिली होती. मी पट्टा आवळला, सैल केला, पुन्हा नीट बांधला. बांधून झाल्यावर अक्कांनी मनगट फिरवून बघितलं, कानाला लावलं, आणि मला काही कळायच्या आत त्या वाकल्या आणि त्यांनी मला नमस्कार केला.

"अक्का! काय करताय हे?"

"भरणाऱ्याला करतात," त्या म्हणाल्या, आणि गाडीत जाऊन बसल्या.

आता रविवारी व्हिडिओ कॉल लागतो. पहिला प्रश्न मीच विचारते. "अक्का, हात बघू." त्यांना अजून फोन नीट धरता येत नाही, त्यामुळं आधी छप्पर दिसतं, मग भिंत. मग पडद्यावर हिरवा पट्टा येतो आणि त्याच्या मागून अक्कांचा चेहरा येतो.